गाडी मागच्या सीटवर बसून निवडा

आमच्या अमळनेरात काय, एकूण खान्देशातच सध्या ज्याच्या त्याच्या घरी एकच विषय चाललाय, सेकंड हॅण्ड गाडी घ्यायची, कोणती घेऊ. आणि गाडी बघायला जातं कोण तर घरातला मुलगा, त्याचे दोन मित्र आणि ओळखीचा एखादा मेकॅनिक. सगळे बोनेट उघडून बघणार, आळीपाळीने ड्रायव्हर सीटवर बसून रेस देणार, स्क्रीन केवढी आहे, अलॉय आहेत का, सनरूफ आहे का, आणि टोकन देऊन घरी येणार. पण त्या गाडीत पुढची सात-आठ वर्षं मागे बसणार कोण? आई, सासूबाई, बायको, नाना, लेकरं. त्यांना कोणी एका शब्दाने विचारत नाही. मला हे अजिबात पटत नाही म्हणून आज एवढं लांबलचक लिहितेय. फॅमिलीसाठी गाडी घेताय ना, मग ती मागच्या सीटवर बसून निवडा, आणि जे मागे बसणार आहेत त्यांना सोबत नेऊन निवडा.

आणि माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या पाच माणसांच्या घराला जुनी सेडानच, म्हणजे मागे वेगळी बंद डिक्की असलेली गाडीच, परवडते आणि पुरते. सध्या सगळ्यांना उंच गाडी पाहिजे, त्यामुळे जुन्या सेडानला गिऱ्हाईक कमी आणि जेवढ्या पैशात एखादी छोटी एसयूव्ही दमलेल्या अवस्थेत मिळते तेवढ्यात एक साइज मोठी सेडान चांगल्या कंडिशनमध्ये मिळून जाते. हां, एक आहे, ज्यांचं घर मळ्यात आहे आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यानेच रोज जावं लागतं त्यांनी सेडान घेऊ नये, तो चिखल कोणालाच ऐकत नाही. पण ज्यांचं गाव डांबरी रस्त्यावर आहे आणि गाडी मुख्यतः धुळे, जळगाव, सुरत, नाशिक करायला लागते त्यांनी लोक काय घेतात ते बघून एसयूव्हीच्या मागे लागू नये असं मला मनापासून वाटतं.

आता मागच्या सीटचं सांगते. आमचे नाना कायम टोपी घालतात, पांढरी, कडक इस्त्रीची. गाड्या बघत होतो तेव्हा एका गाडीत नाना मागे बसले आणि टोपी टपाला टेकली, मान जरा वाकवूनच बसावं लागत होतं. दिसायला गाडी एकदम स्पोर्टी, मागून टप उतरतं केलेलं, पोरांना तीच आवडलेली. पण त्या उताराखाली म्हातारं माणूस सुरतपर्यंत बसणार कसं? तर ही पहिली गोष्ट, घरातल्या सगळ्यात उंच माणसाला मागे बसवा, टोपी-फेटा असेल तर तो घालूनच बसवा. मग पुढची सीट तुमच्या ड्रायव्हिंगच्या पोझिशनला आणा आणि मागे गुडघ्याला किती जागा उरते ते बघा. इथे गाड्यागाड्यांत फार फरक आहे, २०१७ पासूनच्या डिझायरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० एमएम आणि सियाझचा २६५०, म्हणजे वीस सेंटिमीटर जास्त, आणि हे वीस सेंटिमीटर बरेचसे मागच्यांच्या पायाला मिळतात.

मग चढउतार. गुडघेदुखी असलेल्या बाईला उंच गाडीत चढताना काय होतं ते ज्याने जवळून बघितलंय त्यालाच कळेल. एक हात वरच्या हँडलला, एक हात सीटला, पाय वर जात नाही, साडीचा काठ दरवाज्याच्या पट्टीत अडकतो आणि मागे उभा असलेला मुलगा म्हणतो लवकर बस ना आई. सेडानमध्ये बसणं सोपं, पण खरं सांगायचं तर काही सेडानची सीट इतकी खाली असते की उठताना जोर लावावा लागतो. म्हणून दोन्ही करून बघायचं, बसून आणि उठून, एकदा नाही दोन-तीनदा, डावीकडून आणि उजवीकडूनही. माझ्या सासूबाई इटिऑसमध्ये बसल्या, उतरल्या, परत बसल्या आणि म्हणाल्या, "हाई बरी शे, चढनं पडत नही." (ही बरी आहे, चढावं लागत नाही.) इटिऑसचं इंटिरिअर साधं आहे, मीटर मधोमध आहे, पोरांना आवडत नाही, पण मागे पायाखालची जमीन सपाट आहे, मधला उंचवटा नाही, त्यामुळे मधल्या माणसाला पाय फाकवून बसावं लागत नाही. २०२० मध्ये ती बंद झाली, आता जुनीच मिळते, आणि बऱ्याच टॅक्सीत पळालेल्या असतात म्हणून आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, नीट बघा, खासगी पासिंगचीच घ्या.

एसी. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला टेकतो, भुसावळचं नाव तर दर उन्हाळ्यात बातम्यांत असतं, त्यामुळे एसी ही चैन राहिलीच नाही. पण एसी बघायचा कधी? सकाळी दहाला शोरूमच्या सावलीत उभ्या गाडीत सगळेच एसी गार लागतात. दुपारी दोनला, गाडी तासभर उन्हात उभी ठेवून, पाच जण बसून चालू करा आणि मागे बसलेल्याला विचारा गार लागायला किती वेळ लागला. गाडी सिग्नलला उभी असताना एसी ढिला पडतो का तेही बघा, पडत असेल तर गॅस, कंडेन्सरचा फॅन, कॉम्प्रेसर यातलं काहीतरी बिघडलंय म्हणून समजा. मागे एसीचे व्हेंट असणं फार कामाचं आहे. डिझायरला ते २०१७ च्या मॉडेलपासून आले, सियाझमध्ये आहेत, २०१८ च्या अमेझमध्ये नाहीत आणि इटिऑसमध्येही नाहीत. नसले तर गाडी लगेच बाद करा असं मी म्हणत नाही, पुढचा एसी दणकट असेल तर चालतं, पण मागे लेकरू झोपलेलं असताना त्याच्या अंगाला वारा लागतोय की नाही हे बसल्याशिवाय कळत नाही.

आणि सेडान घ्यायचं माझं सगळ्यात मोठं कारण म्हणजे डिक्की. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद सुरतहून येते, येते चार बॅगा घेऊन आणि जाते ते गव्हाचं पोतं, दादर ज्वारी, पापड-कुरडयांचे डबे, भरताची वांगी, लसूण, मिरच्या असं सगळं घेऊन. हे मागे उघड्या डिक्कीच्या गाडीत भरलं की कोंडाईबारीच्या घाटापर्यंत लसणाचा आणि मिरचीचा वास नाकातून जात नाही आणि ब्रेक मारला की डबा डोक्यावर. सेडानची डिक्की वेगळी बंद, माणसं वेगळी आणि सामान वेगळं. आकडे बघायचे तर सध्या बाजारात जास्त मिळणाऱ्या डिझायरची डिक्की ३७८ लिटर आहे, तिच्या आधीच्या डिझायरची, २०१२ ला गाडी चार मीटरच्या आत बसवली तेव्हाची, फक्त ३१६. अमेझ ४२०, टिगोर ४१९, सिटी आणि सियाझ ५१०, आणि इटिऑस जवळपास ५९५. पण नुसत्या लिटरवर जाऊ नका. डिक्कीचं तोंड किती रुंद आहे आणि काठ किती उंच आहे हे बघा, कारण पन्नास किलोचा कट्टा उचलून त्या काठावरून आत टाकायचा असतो, आणि झाकण लावताना त्याचे वाकडे बिजागर आत येऊन बॅगेवर बसतात का तेही बघा. घरची मोठी बॅग नि एक रिकामं पोतं सोबत न्या, घालून बघा, लाज कसली. बऱ्याच सेडानची मागची सीट फोल्ड होत नाही हेही लक्षात ठेवा, लांब वस्तू न्यायची असेल तर जमत नाही.

यातच सीएनजीचा मुद्दा येतो. जुन्या सेडानमध्ये किट बसवलेलं असलं की सिलेंडर अर्धी डिक्की खातो आणि मग ज्या कारणासाठी सेडान घेतली तेच गेलं. टिगोरमध्ये २०२३ पासून दोन छोटे सिलेंडर खाली बसवलेलं मॉडेल आलं, त्यात डिक्की बऱ्यापैकी वापरता येते, पण ते अजून जुन्या बाजारात स्वस्त नाही. किटवाली घेणारच असाल तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे का बघा आणि सिलेंडरची दर तीन वर्षांनी करायची टेस्ट झालीये का, प्लेट आणि सर्टिफिकेट मागा. आता पेट्रोल पण २० टक्के इथेनॉलचं मिळतं आणि २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्या हिशोबाने बनवलेल्या नाहीत, म्हणून मेकॅनिकला इंधनाचे रबरी पाइप तेवढे तपासायला सांगा.

सेफ्टीबद्दल आपल्याकडे लोक फार कमी विचारतात याचं मला वाईट वाटतं. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, शेजारच्या सीटची एअरबॅग त्याच्याही नंतर. त्यामुळे त्याच्या आधीची बेसिक मॉडेलची गाडी असेल तर एअरबॅग आहेत का, किती आहेत, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आहे का हे गृहीत धरू नका, विचारा. आणि मागच्या सीटवर एक काम नक्की करा, सीट कव्हरच्या फटीत हात घालून बेल्टचं बकल शोधा. निम्म्याहून जास्त जुन्या गाड्यांत ते कव्हरखाली गाडलेलं असतं, बेल्ट नवाकोरा, कधी ओढलेलाच नाही. मी एका गाडीत शोधत बसले तर विकणारा म्हणाला ताई मागे कोण लावतं बेल्ट. लावतात, कायद्याने लावायचाच आहे, आणि धुळे-सुरत हायवेवर ट्रक कसे चालतात हे बघितलेल्या बाईने तर लेकरांना बेल्टशिवाय बसवूच नये.

बाकी मशीनचं मेकॅनिक बघेल, ते मी थोडक्यात सांगते. इंजिन थंड असताना चालू करून बघा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलंय का हे बोनेटला हात लावून कळतं. डिक्कीतली मॅट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बघा, मागून ठोकलेली असेल तर वेल्डिंग, सुरकुत्या तिथेच सापडतात. काचांवर वर्ष असतं, सगळ्या काचांचं मिळतंजुळतं पाहिजे. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, गाडी वीस हजारच चालली म्हणतात आणि टायर एकदा बदललेले आहेत मग कसं काय, हे तिथेच विचारा. मीटर मागे केलेलं असू शकतं म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडी नंबरवर हिस्ट्री काढा. सीटखालच्या पट्ट्यांना गंज आणि कार्पेटखाली माती असेल तर पुरातली गाडी असू शकते, कितीही स्वस्त असली तरी सोडा. दिल्लीकडच्या स्वस्त गाड्याही येतात, तिकडे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातल्यापासून, पण एनओसी, इथला टॅक्स, पासिंग हे सगळं धरून हिशोब करा, मग ती तेवढी स्वस्त राहत नाही.

टेस्ट ड्राइव्ह मात्र एकट्याने घेऊच नका. पाच जण बसा, डिक्कीत वजन टाका आणि तुमच्या स्वतःच्या गल्लीतल्या, गावच्या फाट्यावरच्या स्पीड ब्रेकरवरून न्या. रिकामी गाडी कुठेच घासत नाही, भरलेली घासते. मागे बसलेल्यांना खड्ड्यात पाठीला दणका बसतो का विचारा, त्यावरून सस्पेन्शनचं जेवढं कळतं तेवढं पुढे बसून कळत नाही.

भावाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला, नवी डिझायर त्यामुळे स्वस्त झाली. काही विकणारे अजून नव्या गाडीच्या आधीच्या, वाढीव किमतीवरून हिशोब सांगतात, तेव्हा आजची ऑन रोड किंमत काढून समोर ठेवा आणि मग बोला. लिमिट ठरवताना इन्शुरन्स, ट्रान्सफर, टायर, बॅटरी, पहिली सर्व्हिसिंग यासाठी पैसे बाजूला काढूनच ठरवा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची इन्शुरन्सच्या हप्त्यातली सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्या नावाचा असतो, इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो. बारा-तेरा वर्षं जुनी घेत असाल तर पंधरा पूर्ण झाल्यावरचं री-पासिंग नि ग्रीन टॅक्सही डोक्यात ठेवा.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, आणि ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० सही करून हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, मग कितीही ओळखीतला असो. एम-परिवाहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून चलन बाकी आहे का बघा. दुसरी चावी, जॅक, पाना, स्टेपनी, सर्व्हिस बुक सगळं समोर उतरवून घ्या. चावी एकच आहे, दुसरी हरवली म्हणाले तर नवी बनवायचे पैसे भावातून तिथेच कमी करा.