‘आयकॉन डिलीट करायला दोन तास आणि ३५० रुपये’ या रिव्ह्यूला आमच्या बर्डीवरच्या दुकानाचं उत्तर

ताई, नमस्कार. तुटलेले आयकॉन डिलीट करायला दोन तास बसवलं आणि ३५० रुपये घेतले, असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. नागपूरच्या या उन्हात तुम्हाला स्टुलावर ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण ‘नुसतं डिलीट’ हा शब्द लागला. डिलीट दोन सेकंदांत होतं, कोणता शॉर्टकट, म्हणजे मूळ फाइल किंवा प्रोग्राम उघडणारा आयकॉन, ठेवायचा ते ठरवायला वेळ लागतो. तुमच्या डेस्कटॉपवर ५८ शॉर्टकट होते. काही तुमच्या युजर फोल्डरमधले, काही पब्लिक डेस्कटॉपमधले, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या युजरना दिसणारे. पब्लिकमधले काढायला ॲडमिनची परवानगी लागते. एकेकावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट, म्हणजे मूळ फाइलचा पत्ता, वाचायचं, तिथे फाइल आहे का ते पाहायचं. पांढरा पडलेला आयकॉन तुटलेलाच असतो असं नाही. तुमच्या पाच आयकॉनचे प्रोग्राम शाबूत होते, फक्त आयकॉन कॅश, म्हणजे विंडोजने साठवलेली आयकॉनची चित्रं, बिघडली होती.

खरा वेळ १४ शॉर्टकटनी खाल्ला. त्यांचं टार्गेट ‘ई’ ड्राइव्हवर, म्हणजे तुमच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर होतं. ती सोबत आणा, हे मी फोनवर दोनदा सांगितलं होतं. डिस्क जोडलेली नसेल तर चांगला शॉर्टकटही उघडत नाही, आणि साफसफाईचं सॉफ्टवेअर चालवलं असतं तर हे चौदाही उडाले असते. डिस्क घरून येईपर्यंत सव्वा तास गेला, तोही आमच्याच नावावर लिहिलात. जोडल्यावर विंडोजने तिला ‘एफ’ अक्षर दिलं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते बदलून ‘ई’ केलं, तेव्हा ११ शॉर्टकट चालू झाले. उरलेल्या तिघांच्या मूळ फाइलीच नव्हत्या.

शॉर्टकट काढल्याने मूळ फाइल जात नाही, तरी काढलेले २२ शॉर्टकट आम्ही पुसले नाहीत. ‘डी’ ड्राइव्हवर ‘जुने शॉर्टकट’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत, बघून घ्या. ३५० चा दर काउंटरवरच्या बोर्डावर लिहिलेला आहे आणि काम सुरू करण्याआधी तुम्हाला सांगितलाही होता.

घर या दुकानावरच चालतं ताई, नवीन गिऱ्हाईक आधी स्टार पाहतं. यापुढे वेळेचा अंदाज आधीच देऊ, बसायच्या सोयीचंही बघतो. डिस्क पुन्हा ‘एफ’वर दिसली तर घेऊन या, पैसे लागणार नाहीत.