तळाचा एपिसोड आणि माथ्याचा एपिसोड, लेखिका एकच

('ब्रेकिंग बॅड' बघायची राहिली असेल तर पुढे वाचू नका, सगळं फुटेल.)

आयएमडीबी या प्रेक्षकांच्या रेटिंगच्या साइटवर 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेचे ६२ एपिसोड रेटिंगनुसार लावून बघा. सगळ्यात वर २०१३चा 'ऑझिमॅन्डियस', वर्षानुवर्षं १० पैकी १० मिरवलेला. सगळ्यात खाली २०१०चा 'फ्लाय', जेमतेम आठच्या आसपास. आणि दोन्हींच्या लेखनात मॉयरा वॉली-बेकेटचं नाव आहे! 'ऑझिमॅन्डियस' तिचा एकटीचा, त्यासाठी २०१४ला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. 'फ्लाय' तिने सॅम कॅटलिनबरोबर लिहिला. दिग्दर्शकसुद्धा दोन्हीकडे रायन जॉन्सनच.

'फ्लाय'वर लोकांचा राग का, हे कळतं. पैसे वाचवायचे म्हणून जवळजवळ सगळा एपिसोड एका लॅबमध्ये उरकलाय. कॅन्सर झाल्यावर ड्रग बनवायला लागलेला शिक्षक वॉल्ट आणि त्याचा साथीदार जेसी एका माशीच्या मागे लागलेत. कोणी मरत नाही, काही फुटत नाही. 'काहीच घडत नाही' म्हणून लोकांनी मार्क कापले.

पण घडतं ते बघा ना. वॉल्टला झोप नाही, जेसीने कॉफीत झोपेच्या गोळ्या घातल्यात. जेसी शिडीवर, खाली गुंगीतला वॉल्ट शिडी धरून उभा. आपण कधी मरायला हवं होतं तो नेमका क्षण वॉल्ट शोधतोय आणि बोलता बोलता जेनपाशी, जेसीच्या मेलेल्या मैत्रिणीपाशी, येऊन पोचतो. जेनबद्दल वाईट वाटतं, म्हणतो. जेसी साधेपणाने म्हणतो, मलापण. त्याला काहीच माहीत नाही. आपल्याला माहीत आहे, जेन गुदमरत असताना हा माणूस नुसता बघत उभा होता. आता बोलेल, आता बोलेल, असं वाटत राहतं. मी हा प्रसंग कधीही बघितला तरी श्वास अडकतो.

आता 'ऑझिमॅन्डियस'मधलं वाळवंट. वॉल्टचा पोलीस साडू हँक गेलाय. गुंडांचा म्होरक्या जॅक, त्याची माणसं जेसीला घेऊन निघालीत. वॉल्ट त्यांना थांबवतो, जेसीसमोर येतो आणि तेच न बोललेलं वाक्य थंडपणे त्याच्या तोंडावर फेकतो: जेन मरताना मी तिथे होतो, वाचवू शकलो असतो, वाचवलं नाही. 'फ्लाय'मध्ये कबुली म्हणून ओठांवर आलेली गोष्ट इथे सुरी झाली. पहिला प्रसंग नसता तर दुसऱ्यातला क्रूरपणा निम्माच लागला असता. मग त्या १०मधले काही मार्क 'फ्लाय'चे नाहीत का?

अमेरिकेत अशा मालिकांची कथा लेखकांची टीम एकत्र बसून रचते, हे मान्य. सगळं श्रेय एकीचं नाही. पण पटकथेवर नाव तिचं आहे. आणि एकेक एपिसोड सुटा करून मार्क देण्याची पद्धतच मला पटत नाही, कारण त्यात स्फोट करणाऱ्याला सगळं मिळतं आणि दारू भरणाऱ्याला काहीच नाही.

तिचा दुसऱ्या सीझनमधला 'ओव्हर' तर कोणाच्या यादीत नसतो. आजार मागे हटलाय आणि वॉल्ट घराखाली शिरून कुजलेलं लाकूड उपसत बसलाय. त्या माणसाला बरं होणं झेपत नाही, हे इतकं नेमकं दुसरीकडे कुठे आलंय?

माझी क्रमवारी: ऑझिमॅन्डियस, फ्लाय, ओव्हर, त्यानंतर ग्लायडिंग ओव्हर ऑल (हाही तिचाच). चौथ्यातलं तुरुंगातलं हत्याकांड जबरदस्त आहे, पण त्याचं बरंचसं श्रेय मी दिग्दर्शक मिशेल मॅक्लॅरेनला देते. तुमची यादी कमेंटमध्ये लिहा, आणि 'फ्लाय' खाली टाकणार असाल तर कारणासकट लिहा.