शंभर फॉर्म भरून घ्या, म्हणजे समाज कळला

अख्खी पदवी 'संशोधन असं करू नये' हे शिकवण्यात घालवायची आणि शेवटच्या वर्षी नेमकं तेच करून घेऊन त्याला मार्क द्यायचे, हा चमत्कार समाजशास्त्राच्या विभागातच घडू शकतो. रागाने डोकं फुटायची वेळ आलीय, म्हणून लिहितेय.

संशोधन पद्धतीच्या तासाला 1936 सालची गोष्ट किती रंगवून सांगतात! 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या अमेरिकन साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी एक कोटीच्या आसपास लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या. जवळपास 24 लाख भरून परत आल्या. एवढा प्रचंड आकडा हातात आल्यावर त्यांनी छातीठोकपणे छापलं की रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार. प्रत्यक्षात 48 पैकी 46 राज्यं रूझवेल्टनी खिशात घातली. कारण नावं बरीचशी टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदींमधून काढलेली. ऐन मंदीत फोन आणि मोटार कुणाच्या दारात असणार? त्यातही ज्यांना रूझवेल्टवर राग काढायचा होता त्यांनीच जास्त करून मतपत्रिका परत पाठवल्या. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपने याहून कितीतरी छोटा नमुना, म्हणजे कितीतरी कमी माणसं, घेऊन बरोबर अंदाज दिला. धडा काय, तर नमुना केवढा मोठा यापेक्षा तो कसा निवडला हे महत्त्वाचं. आम्ही हे परीक्षेत लिहिलं. मार्कही पडले.

आणि प्रोजेक्टची वेळ आल्यावर त्याच वर्गात, त्याच टेबलामागून फर्मान निघालं: "गूगल फॉर्म करा, ग्रुपवर टाका, शंभर झाले की या."

विषय कुठला? अर्थात 'सोशल मीडियाचा तरुणाईवर होणारा परिणाम'. दुसरा विषय या पृथ्वीवर उरलेलाच नाही. फॉर्म पाठवायचा सोशल मीडियावरून, भरणार सोशल मीडियावर पडीक असलेली आपलीच मित्रमंडळी, आणि मग पहिल्या तक्त्यात गंभीर चेहऱ्याने लिहायचं की बहुसंख्य उत्तरदाते सोशल मीडिया वापरतात. अरे वा! लिटररी डायजेस्टवाल्यांनी निदान टपालखर्च तरी केला होता.

आमच्या ग्रुपच्या फॉर्ममधला सातवा प्रश्न जसाच्या तसा देते: 'सोशल मीडियाच्या अतिवापरामुळे तुमच्या मानसिक आरोग्यावर व कौटुंबिक संबंधांवर विपरीत परिणाम झाला आहे असे आपणास वाटते का?' होय, नाही, तटस्थ. एका प्रश्नात तीन घोळ. 'अतिवापर' म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं. आरोग्य आणि घरचे संबंध या दोन वेगळ्या गोष्टी एकाच उत्तरात कोंबलेल्या. आणि ज्याचं आरोग्य बिघडलंय पण घरी सगळं उत्तम चाललंय, त्याने काय निवडायचं? मी हे बोलून दाखवलं तर ग्रुपमधला एक जण म्हणाला, "जास्त डोकं लावू नको गं, गेल्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये असाच होता."

गेल्या वर्षीचा रिपोर्ट! आमच्या विद्याशाखेचा खरा मूळ ग्रंथ तोच.

याच मुलाने फॉर्मचा आकडा शंभरावर कसा नेला तेही सांगते. शीटमध्ये उत्तराची वेळ आपोआप नोंदली जाते हे त्या बिचाऱ्याच्या लक्षात नव्हतं. 11:42, 11:44, 11:45, 11:47, अशी रात्रीची रांगच्या रांग. वय कधी 19, कधी 43, व्यवसाय कधी गृहिणी, कधी शिक्षक, आणि शेवटच्या मोकळ्या चौकटीत प्रत्येकाची एकच प्रतिक्रिया: 'छान उपक्रम'. मी त्या ओळी काढून टाकायच्या म्हटलं, तर आकडा ऐंशीच्या घरात जात होता. मग ग्रुप माझ्यावरच उखडला. ग्रुपमधल्या दुसऱ्या एकीच्या मावशीने तर फोन करून विचारलं, "अगं, काय हवंय तुला ते सांग, तसं भरते." मावशीचा काही दोष नाही. प्रेमाने बोलली. पण ते प्रेम पुढे तक्ता क्रमांक चारमध्ये टक्केवारी होऊन बसलं.

लोक सांगतात एक आणि वागतात दुसरंच, हा काही मी लावलेला शोध नाही. रिचर्ड लापियर नावाचा समाजशास्त्रज्ञ 1930 च्या सुमारास एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला. तेव्हा तिथे चिनी लोकांविरुद्ध वातावरण चांगलंच तापलेलं. अडीचशेच्या वर हॉटेलं आणि खानावळींत ते गेले, आणि दारातून परत पाठवलं फक्त एका ठिकाणी. नंतर त्याने त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं की चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी कळवलं, नाही. हे 1934 मध्ये छापून आलं. इतकी वर्षं झाली, तरी आम्ही फॉर्मवर टिकमार्क करून घेतोय आणि त्याला 'वर्तन' म्हणतोय.

मी एकटीने एक मुलाखत घेतली होती. रात्रपाळीला पहारा करणाऱ्या एका काकांची. ते फोनवर मुलीशी व्हिडिओ कॉल लावून ठेवतात आणि दोघं बोलत काहीच नाहीत. ती तिकडे अभ्यास करते, हे इकडे खुर्चीत बसलेले. मी विचारलं, मग कॉल कशाला? म्हणाले, "ती झोपली की कळतं मला. मग मी बंद करतो." सोशल मीडियाने नाती तुटतात म्हणणाऱ्या आमच्या अख्ख्या प्रस्तावनेला या एका वाक्याने सुरुंग लावला. तासाभराचं रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. 'हं', 'म्हणजे', मधली शांतता, सगळं लिहून काढलं. ते घेऊन मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाल्या, "हा एकच माणूस आहे ना? याची टक्केवारी कशी काढणार?"

टक्केवारी! काकांची!

फॉर्म भरून घेण्यालाच माझा विरोध आहे असं कुणी समजू नका. ड्यू बॉइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1896-97 मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात प्रश्नावल्याच नेल्या होत्या. पण स्वतः दारोदार फिरून, सुमारे अडीच हजार कुटुंबांकडे. आपले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास खेड्यात जाऊन राहिले, आणि 1970 मध्ये त्यांनी मांडणी करून ठेवलेली टिपणं आगीत जळाली, तरी आठवणीतून पुस्तक उभं राहिलं. कारण आठवायला माणसं होती. आमचा लॅपटॉप उद्या जळाला तर आम्हाला काय आठवेल? पाय चार्टमधला निळा तुकडा मोठा होता, एवढंच.

मला कळतं की मॅडमच्या मागे ढिगाने ग्रुप आहेत, वरून तपासण्या, बैठका, कसले कसले तक्ते भरून द्यायचे. वेळापत्रकात प्रोजेक्टला आठवड्याचा एक तास. एका तासात कोण कुठे जाणार? पण मग म्हणा ना सरळ, की वेळ नाही, हे संशोधन नव्हे, फॉर्म बनवायचा सराव आहे. त्यावर 'शास्त्रीय पद्धतीने केलेला अभ्यास' असं छापून घेऊ नका. वरून शेवटच्या आठवड्यात निरोप येतो की 'काय-स्क्वेअर' ही संख्याशास्त्रातली चाचणी लावून टाका, बरं दिसतं. बरं दिसतं! ती चाचणी नमुना यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा, निवडलाय हे धरून चालते, आणि आमचा नमुना म्हणजे मित्र, मित्रांची भावंडं, एक मावशी आणि रात्री पावणेबाराचे अठरा काल्पनिक नागरिक.

शिफारशींच्या प्रकरणाबद्दल तर बोलायलाच नको. 'पालकांनी मुलांशी संवाद साधावा.' 'युवकांनी वेळेचे नियोजन करावे.' मग घरी कुणी रिपोर्ट चाळून म्हणालं की यात नवीन काय, हे तर आम्हालाही माहीत होतं, तर काय उत्तर द्यायचं? एरवी असं कुणी म्हटलं की मी भांडते. समाजशास्त्र म्हणजे उगाच गप्पा नव्हेत, नेहमीची समजूत कुठे खोटी पडते ते दाखवणं हेच त्याचं काम, हे मी तावातावाने पटवते. यावेळी मात्र त्यांच्या हातात जे होतं त्यात खरंच नवीन काही नव्हतं. जे नवीन होतं, ती काकांची मुलाखत, ते मॅडमनी परिशिष्टातसुद्धा घेऊ दिलं नाही, कारण पानं वाढत होती.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले. पद्धतीवर प्रश्न येईल म्हणून मी अख्खी रात्र तयारी केलेली. नमुना, त्याच्या मर्यादा, सगळं. विचारलं तर खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. सरांनी मधलंच एक पान उघडलं, पाय चार्टकडे बघितलं आणि विचारलं, "हे ब्लॅक अँड व्हाइट का काढलंय?"