प्लेटमधला गोल मोठा, म्हणून गोळ्या बंद?

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडच्या गावोगावच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. 'कडुनिंब-बेहड्याच्या अर्कानं औषधांना न जुमानणारे जंतू मेले, प्रयोगशाळेत सिद्ध! अर्काचा गोल अँटिबायोटिकपेक्षा मोठा. काढा घ्या, गोळ्या बंद करा. अपाय शून्य, जंतूंना सवयही लागत नाही.' सोबत प्लेटचा फोटो.

गोल खरा असेलही. पण तो येतो कसा? प्लेटमधल्या आगरच्या, म्हणजे जंतूंना वाढायला घातलेल्या जेलीसारख्या थरावर जंतू पसरतात, थरात बारीक खळगी पाडून अर्क सोडतात, 37 अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळी खळगीभोवती जंतू उगवलेले नसतात, तेवढी जागा म्हणजे हा गोल, तो पट्टीनं मोजायचा. आता हिशेब करा. मिलिलिटरला 100 मिलिग्रॅमचा अर्क 50 मायक्रोलिटर सोडला, की खळगीत 5 मिलिग्रॅम गेले. शेजारी तुलनेला ठेवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकच्या कागदी चकतीत औषध असतं 5 मायक्रोग्रॅम. हजार पटींचा फरक! वर तो जंतू सिप्रोला दाद देत नाही म्हणूनच तर निवडलेला. मग सिप्रोचा गोल लहान दिसणार नाही तर काय?

शिवाय असे अर्क बरेचदा मिथेनॉल या अल्कोहोलमध्ये काढतात. आपण काढा उकळतो पाण्यात. दोन्हींत उतरणारी द्रव्यं वेगळी. आणि पोटात गेलेला काढा पचून, रक्तात मिसळून जखमेपर्यंत किती पोचतो, हे प्लेट सांगूच शकत नाही.

'सवय लागत नाही' हे तर साफ खोटं. दारुहळदीतलं बर्बेरिन घ्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पू करणारा जंतू आपल्या आवरणातल्या पंपानं ते बाहेर फेकतो. तोच पंप सिप्रोही फेकतो.

अपाय शून्य? बिब्बा उतलेला माणूस विदर्भात कुणी पाहिला नाही? कडुनिंबाचं तेल पाजल्यानं लेकरांना झटके आल्याच्या नोंदी आहेत.

वनस्पतींवर संशोधन व्हायलाच हवं. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन वनस्पतीतूनच आलं, थू योयो यांना त्यासाठी 2015 चं नोबेल मिळालं. पण रुग्णाला दिलं जातं ते वेगळं काढलेलं, मात्रा ठरवलेलं औषध.

राहिलं 'गोळ्या बंद करा'. शुगर असलेल्या माणसाच्या पायात पऱ्हाटीचं धसकट घुसलं, पू झाला, तर काढ्यावर घालवलेले चार दिवस बोटावर बेततात. गोळी लागू पडत नसेल तर डॉक्टरांना पू कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून तपासायला पाठवायला सांगा. कोणतं औषध चालतं, कोणतं नाही, ते रिपोर्टात औषधागणिक लिहून येतं. त्याला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनानं थांबवू नका.