तीन सेफ्ट्या आणि एक जावई

लग्नात सासऱ्यांनी मला घड्याळ दिलं होतं. ते सहा महिन्यांत बंद पडलं. बावीस वर्षांनी, बहुधा त्याची भरपाई म्हणून, त्यांनी मला पिस्तूल दिलं.

अण्णा शिरवळकडचे. उसाला रात्रीचं पाणी द्यायचं असे, म्हणून त्यांनी तरुणपणी परवान्यावर दोन पिस्तुलं घेतली. माझ्या माहितीप्रमाणे त्यातलं एक एकदाच उडालं. रानडुक्कर पळावं म्हणून अण्णांनी हवेत बार काढला, तेव्हा डुक्कर तिथेच उभं राहिलं आणि गडी पळाला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि आधी हिशेब मागितला.

मालकाने सत्तरी ओलांडली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, की ते वारसाच्या नावे करता येतं, आणि या वारसांत जावईही बसतो. हे शोधून काढलं आमच्या साडूंनी. मेहुणा न्यू जर्सीला, तो फोनवर म्हणाला, "मी इथे गवत कापायचं मशीन सांभाळतोय तेवढं पुरे." मग अण्णांनी दोघा जावयांना समोर बसवून टेबलावर फडकं पसरलं. "जावईबापू, तुम्ही धाकटे. आधी तुम्ही निवडा."

एक होतं वेब्ली अँड स्कॉट, 1908 चं मॉडेल. सगळीकडून काटकोनी, मूठ जवळजवळ सरळ खाली आलेली, घोडा बाहेर. एखाद्या प्लंबरने फावल्या वेळात केल्यासारखं दिसतं, पण लंडनच्या पोलिसांनी 1911 मध्ये हेच घेतलं होतं. दुसरं बेल्जियमच्या एफएन कारखान्याचं ब्राउनिंग, मॉडेल 1910. हे वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, बाहेर घोडाच नाही, म्हणजे खिशातून काढताना कुठे अडकायला नको. दोन्ही बत्तीस बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप). त्या काडतुसाचं मापही दुसऱ्या पिस्तुलाची रचना करणाऱ्या ब्राउनिंगसाहेबांचंच, 7.65 मिलिमीटर. आपल्याकडे 9 मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य माणसाला निषिद्ध. म्हणजे सरकार आणि मी यांच्यात फक्त 1.35 मिलिमीटरचं अंतर आहे, हे मला तेव्हा प्रथमच कळलं.

मी तीन आठवडे अभ्यास केला. सारायेव्होत 1914 साली ऑस्ट्रियाच्या युवराजावर, आर्चड्यूकवर, झाडलं गेलेलं पिस्तूल ब्राउनिंगच्या याच मॉडेलचं होतं आणि ते आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, हे वाचल्यावर तर मी जेवताना दुसरं काही बोलेना. (त्याचा बोअर वेगळा होता, पण असली माहिती जेवताना सांगायची नसते.) बायको म्हणाली, "माझ्या वेळी एवढी चौकशी केली होतीत का?" शेवटी मी ब्राउनिंग निवडलं ते इतिहासासाठी नव्हे, त्याला तीन सेफ्ट्या आहेत म्हणून. एक अंगठ्याने फिरवायची. दुसरी मुठीच्या पाठीला. मूठ नीट आवळल्याशिवाय चाप दबत नाही. तिसरी अशी, की मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा कप्पा, बाहेर असेल तर पिस्तूल ढिम्म हलत नाही. मी मुळात भित्रा माणूस. माझ्यापेक्षा भित्रं हत्यार मिळाल्याचा मला मनापासून आनंद झाला.

त्यानंतर परवाना. डॉक्टरांचा दाखला, प्रशिक्षणाचा दाखला, हत्यार घरात नीट ठेवीन असं लिहून देणं, आणि मुलाखत. "तुमच्या जिवाला कोणापासून धोका?" मी खरं तेच सांगितलं, "अजून तरी नाही. हे घरी आल्यावर सांगतो." साहेब हसले नाहीत. बायकोने बाहेर मला कोपराने ढोसलं.

चारित्र्य पडताळणीसाठी हवालदार कर्वेनगरला आमच्या इमारतीत येऊन चार दारांवर माझी चौकशी करून गेले, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. मला वाटलं, आता पार्किंगमध्ये माझ्या जागेवर कोणी गाडी लावणार नाही. लावतात, पण आता चिठ्ठी ठेवून जातात. शिवाय सोसायटीच्या मीटिंगला मला आवर्जून बोलावतात. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका, फक्त पुढे बसा. थकबाकीचा विषय आहे." मी बसलो. थकबाकी माझीच निघाली.

घरात पिस्तूल ठेवायला भिंतीत घट्ट बसवलेली तिजोरी हवी. ती बसवताना ड्रिल पाण्याच्या पाइपात गेलं. तो खर्च मी पिस्तुलाच्या खात्यावर लिहिला आहे. तिजोरी लहान निघाली. पिस्तूल, काडतुसं आणि कागद आत गेल्यावर बायकोच्या बांगड्या मावेनात, म्हणून दागिने बँकेच्या लॉकरमध्ये गेले. आता आमच्या घरात चोरण्यासारखी एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे पिस्तूल. त्यामुळे आम्ही दोघं एकदम गावाला जात नाही. एक जण घरी थांबतो. पूर्वी कुलूप लावून आठ-आठ दिवस कोकणात जायचो, तेव्हा आमच्याकडे कसलंच संरक्षण नव्हतं.

यात एकच गोष्ट जिव्हाळ्याची. पिस्तूल बेल्जियमचं, पण काडतुसं आपली, खडकीची. बुडाशी 'केएफ' असा ठसा, म्हणजे किर्की फॅक्टरी. हा कारखाना 1869 पासून तिथे आहे. आयात कधीच बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती पिस्तुलांचं आपल्याकडे पेठेतल्या वाड्यासारखं झालंय: मोडकळीला येतील तसा भाव वाढतो. साडूंनी एका दुकानदाराकडून त्यांच्या वेब्लीचा भाव काढून आणला आणि तेव्हापासून ते अण्णांच्या तब्येतीची रोज चौकशी करतात.

आता पिस्तुलाच्या स्प्रिंगबद्दल. या मॉडेलची स्प्रिंग नळीभोवती गुंडाळलेली असते आणि तोंडाशी खरबरीत कडेचं एक टोपण तिला दाबून धरतं. साफ करायचं तर टोपण आत दाबून पाव फेरा फिरवायचं आणि मग हळूहळू सोडायचं. या 'हळूहळू'वर सगळी मदार. मी मॅगझिन काढलं, आत काडतूस नाही हे तीनदा पाहिलं, पेपर अंथरला, टोपण दाबलं, फिरवलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. अंगठा निसटला. टण्ण आवाज करत टोपण ट्यूबलाइटला लागलं आणि स्प्रिंग खिडकीतून शेजारच्या गॅलरीत गेली.

"काकू, आमची एक स्प्रिंग आली का तुमच्याकडे?"

"तुळशीत पडलीय. कसली आहे हो?"

"मिक्सरची."

"मिक्सरला स्प्रिंग असते?"

"जुना आहे. बेल्जियमचा."

काकूंनी ती धुऊन, पुसून, वाटीत घालून दिली. मला आता त्या वाटीतून काही तरी परत पाठवायला हवं होतं, म्हणून बायकोने संध्याकाळी शिरा केला. तोही खर्च पिस्तुलाच्या खात्यावर.

हे असं चाललेलं असताना 2024 चा खंडेनवमी-दसरा आला. आईने देवापुढे पाट मांडला आणि विळी, कात्री, माझा लॅपटॉप, मुलीची कंपासपेटी अशी घरातली आयुधं ओळीने ठेवली. "ते पण आण." मी रिकामं पिस्तूल आणून ठेवलं. आईने हात जोडून सगळ्यांना सढळ हाताने हळदकुंकू वाहिलं. लॅपटॉपला बोटभर, पिस्तुलाला मूठभर, कारण ते व्याह्यांकडचं. वर अक्षता, वर झेंडू. मी काही बोललो नाही. दसरा 12 ऑक्टोबरला झाला. साफ करायला रविवार बघू म्हणून तसंच तिजोरीत ठेवलं. रविवारी स्प्रिंगची आठवण झाली आणि मी पेपर वाचला.

15 तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यार जमा करण्याचा निरोप आला. लोकसभेला एकदा जमा करून झालं होतं, त्यामुळे मी सराईतासारखा जेवणाच्या डब्याच्या पिशवीत पिस्तूल आणि परवाना घेऊन गेलो. टेबलामागच्या तरुण अंमलदाराने फडकं उलगडलं आणि तो एकदम ताठ झाला. स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या सरकत्या भागावर, नळीच्या तोंडाशी, मुठीच्या खाचेत लाल डाग वाळून बसले होते.

"हे काय आहे?"

"कुंकू."

"कोणाचं?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला सुचेना. "आईचं," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी चूक लक्षात आली. आतल्या खोलीतून हवालदार बाहेर आले, पिस्तूल उजेडात धरून त्यांनी वास घेतला, मुठीच्या खाचेतून टाचणीने तांदळाचा एक दाणा काढला आणि टेबलावर ठेवला. "सोड रे त्यांना. आमच्या गाडीलाही परवा असंच केलंय."

पोचपावतीत त्या तरुणाने सगळं चोख लिहिलं. पिस्तूल एक, बत्तीस बोअर, बेल्जियम बनावटीचं, नंबर अमुक, मॅगझिन एक. क्षणभर थांबून त्याने कंसात भर घातली: 'अक्षता लागलेलं'. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, "साहेब, परत नेताना तुम्हीच म्हणाल, एक दाणा कमी आहे."