झाकण लावल्यावर कोण बघतंय
काल एका टू बीएचकेचं वायरिंग हँडओव्हर केलं, डोकं अजून तापलेलंच आहे. काम कसं केलं होतं सांगू? लाइटला दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर, प्लगला अडीच, गिझर-एसीला चार, हिरवी वायर फक्त अर्थिंगला, प्रत्येक टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवलेला, प्रत्येक वायरला नंबराचा फेरूल, म्हणजे छोटी नळी, आणि डीबीत, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीत, सगळ्या वायरी काटकोनात वळवून टाय मारलेल्या. मीच उगाच झाकण उघडून परत परत बघत होतो.

मालकाचे वडील प्लास्टिकची खुर्ची घेऊन थेट माझ्या शिडीच्या पायाशी बसलेले.

"हे नंबर कशाला?"

"उद्या फॉल्ट आला तर कुठली वायर कुठं गेलीय ते कळतं, काका."

"काम चांगलं केलंय म्हणता ना? मग फॉल्ट का येईल?"

आता बोला.

"आणि ह्या टोप्या?"

"लग आहेत. नाहीतर वायर ढिली पडते, गरम होते, जळते."

"आमच्या वाड्यात नुसती पिळून टेप मारलेली होती. काय झालं? काही नाही झालं." मग चहाचा घोट घेऊन, "म्हणजे एकदा झालं होतं, पण ते स्वयंपाकघरात."

मग नजर आरसीसीबीवर, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर. मी म्हटलं, तीस मिलिअँपिअर लीकेज झालं की हा उडतो, माणूस वाचतो. तर म्हणे, "नको नको, डायरेक्ट करा. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये होतं हे, वॉशिंग मशीन लावली की पडायचं. वायरमनने काढून टाकलं, परत कधी पडलं नाही." काढल्यावर कसं पडेल! मशीनचं काय झालं विचारलं तर, "काही नाही, जरा झिणझिण्या यायच्या. ही रबरी चपला घालून कपडे धुवायची."

ती माउली अजून आहे ही त्या चपलांची कृपा.

आणि ह्याच लोकांना पॉइंटचा, म्हणजे एकेका दिव्या-प्लगच्या वायरिंगचा, रेट जास्त वाटतो. शेजाऱ्यांकडे म्हणे स्वस्तात झालं. होणारच, तो गडी पाइपात जॉइंट मारतो, अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आणून टेप मारून आत कोंबतो आणि वरून भारीतल्या प्लेटा लावून मोकळा होतो, पण झुंबर पेटलं की सगळे खूश. आमच्याकडेही मुलगा आला तो थेट रंगाऱ्याला म्हणाला, काय फिनिशिंग दिलंय राव! डीबीचं झाकण मी मुद्दाम उघडंच ठेवलं होतं. त्याने जाता जाता लावून टाकलं.

निघताना काकांना कॅलेंडरसाठी खिळा हवा होता. कुठं? बरोब्बर डीबीच्या वर, म्हणजे जिथून सगळे पाइप खाली उतरतात तिथेच. "ड्रिल आहेच हातात, एक भोक मारा की." पाइप आहेत म्हटलं तर, "एवढ्याशा कामाचेही पैसे घेणार का?"

हातभर बाजूला मारून दिलं, फुकट. लगच्या पैशांचं मुलगा 'बघू' म्हणालाय.