पुढे अजून बघण्यासारखं आहे

बाग हा प्रकार राजेलोकांनी बसण्यासाठीच काढला, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. समोर कारंजं, खाली गालिचा, मागे वारा घालणारा आणि हाताशी द्राक्षं. कर्नाटकातल्याच सिऱ्याची मुघल बाग पाहून हैदर अलीने १७६० साली बंगळुरूच्या लालबागेची आखणी करायला घेतली, तेव्हा आपल्याला कुणी भल्या पहाटे गळ्यात नावाचं कार्ड अडकवून या बागेतून अडीच तास पायी हिंडवेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. तसा प्रयत्न कुणी केलाच असता, तर त्या इसमाचं पुढे काय झालं याची इतिहासात नोंद सापडली असती. आमच्या गाइड मुलीला मात्र कुणी काही केलं नाही. उलट आम्ही तिला आगाऊ पैसे भरले होते.

आम्ही म्हणजे आमच्या चिरंजीवांनी. आयटीतल्या मुलांना घरी आलेल्या आईवडिलांचं काय करायचं ते कळत नाही. शनिवार मॉलमध्ये निघतो. रविवारसाठी मग 'हेरिटेज वॉक' असतो. स्वतः मुलगा येत नाही. तो आपल्याला गेटवर उतरवतो, "बाबा, मस्त एन्जॉय करा" म्हणतो आणि घरी जाऊन परत झोपतो.

आता मी काही चालायला घाबरणारा माणूस नाही. वॉक या नावाखाली माणूस खरं तर चालतो फार थोडा. तो उभा राहतो. पन्नास पावलं गेली की थांबायचं, कोंडाळं करायचं आणि ऐकायचं. चालून जे पाय दुखत नाहीत, ते उभं राहून राहून असे काही भरून येतात की सांगता सोय नाही. त्यातून लालबागेत बाकं भरपूर. प्रत्येक थांब्याला हाताच्या अंतरावर एक बाक असतंच आणि त्यावर कुणीतरी असतंच. कुठे पंपशू काढून मांडी घातलेले आजोबा, कुठे तोंडावर कन्नड पेपर घेऊन आडवा झालेला तरुण, कुठे चालून आलेल्या (म्हणजे बसलेल्या) चार मैत्रिणी. पास काढून रोज येणारी ही मंडळी आमच्याकडे ज्या कणवेने बघत होती, ती मी विसरणार नाही. एकच बाक रिकामं दिसलं. मी लगबगीने गेलो, मग वर पाहिलं. वर कावळ्यांची शाळा भरली होती, आणि बाकावर तिचा गृहपाठ.

"अहो, तिकडे काय करताय? ती सांगतेय ना इकडे!" बायको.

ती सांगत होती, ते चांगलंच सांगत होती, हे कबूल केलं पाहिजे. कमरेला छोटा स्पीकर, हातात लॅमिनेट केलेले जुने फोटो. फोटो वर धरला की प्लॅस्टिकवर ऊन चमकायचं आणि कुणालाच काही दिसायचं नाही. तरी सगळे "ओऽह" करायचे. मीही केलं. तिच्याकडून कळलं की हैदरची मूळ बाग होती जेमतेम ४० एकरांची. आज ती २४० एकरांची आहे. हे ऐकल्यावर माझं इतिहासातलं लक्ष एकदम वाढलं. मधले २०० एकर वाढवले कुणी, त्यांची नावं मला हवी होती.

टिपूने परदेशातून रोपं आणि बिया मागवल्या. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर बाग इंग्रजांकडे गेली. १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली. मग जॉन कॅमरून नावाचे साहेब आले, ते तीसेक वर्षं हलले नाहीत. त्यांच्यामागून १९०८ मध्ये जर्मनीचे क्रुम्बिगल. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये तयार झालेला हा माणूस लालबागेआधी बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पदरी होता, असं ती म्हणाली मात्र आणि आमच्यातले साताऱ्याचे निवृत्त मास्तर पुढे सरसावले.

"बडोदा म्हणजे आपलंच!"

मास्तर पहिल्या थांब्यापासून संधीची वाट बघत होते. हैदरचं नाव निघताच त्यांनी थोरल्या माधवरावांच्या स्वाऱ्या काढल्या होत्या आणि १७७१ च्या मोती तलावाच्या लढाईत हैदरची कशी दाणादाण उडाली, ते हैदरच्याच बागेत उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं होतं. पुढे बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाचं नाव आलं. "१६३८!" मास्तर गरजले. "आदिलशाहीच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतलं आणि शहाजीराजांना जहागीर दिलं. मॅडम, ते तुम्ही सांगितलं नाही." मॅडम म्हणाल्या, येस सर, कमिंग टू दॅट. पण त्या काही तिथवर आल्या नाहीत. मास्तरांचा मला अभिमान वाटत होता. त्रास एवढाच की त्यांचा प्रत्येक खुलासा म्हणजे उभं राहण्यात आणखी पाच मिनिटांची भर. स्वराज्यासाठी लोकांनी काय काय सोसलं हे आठवून मी तेही सोसलं.

सावरीचं ते प्रचंड झाड मात्र खरोखर बघावं. बुंध्यातून निघालेली मुळं जमिनीवर माणसाच्या छातीइतक्या उंच भिंतींसारखी पसरली आहेत. दोन मुळांच्या बेचक्यात पाठ टेकून बसायला काय झकास जागा आहे, हे मला पहिल्या नजरेत कळलं. बागखात्यालाही ते कळलं असावं, कारण झाडाला चारी बाजूंनी कुंपण आहे.

त्यानंतर खडक. लालबागेच्या मधोमध उघडा, गुळगुळीत, चढता खडक आहे आणि माथ्यावर केंपेगौडाने बांधलेल्या चार बुरुजांपैकी एक, अगदी इवलासा. पायऱ्या वगैरे भानगड नाही. मुलं पळत वर जातात आणि बुडावर घसरत खाली येतात. आम्ही तिरके, एकमेकांचे दंड धरून चढलो. घसरायला नको म्हणून बायकोने चप्पल हातात घेतली आणि "आपण पर्वतीला नाही का चढत" असा धीर दिला, जो पर्वतीला पायऱ्या असल्यामुळे लागू पडला नाही. वर पोचल्यावर कळलं की हा दगड सुमारे ३०० कोटी वर्षांचा, जगातल्या जुन्यात जुन्या खडकांत गणला जाणारा आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक वगैरे. बाकीचे फोन काढून शहराचे फोटो घेत होते. मी त्या खडकाकडे बघत होतो. तीनशे कोटी वर्षं तो बसलाय! अख्ख्या लालबागेत मनसोक्त बसायला मिळालेला तो एकटाच. मी त्याच्यावर टेकणार, एवढ्यात स्पीकर खरखरला: "चला, पुढे अजून बघण्यासारखं आहे." हे ती इंग्रजीत म्हणाली, पण गुडघ्यांना सगळ्या भाषा कळतात.

पुढे बघण्यासारखं होतं काचघर. राणी व्हिक्टोरियाचा नातू अल्बर्ट व्हिक्टर याने १८८९ मध्ये त्याची कोनशिला बसवली. (कोनशिलासुद्धा बसली.) लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर बेतलेलं, लोखंड आणि काचेचं, ऊन आत घेऊन गोड करून सोडणारं. वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या सुमाराला, इथे फुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा मुंगीला शिरायला जागा नसते. आमच्या वेळी प्रदर्शन नव्हतं. त्यामुळे गाइडने फुलं कुठे कुठे असतात, ती सगळी रिकामी ठिकाणं दाखवली.

"एवढ्यावर आपला वॉक संपला," ती म्हणाली तेव्हा टाळ्या मीच सुरू केल्या. पोटपूजेसाठी तिने बाहेरच्या मावळी टिफिन रूमचं नाव सुचवलं. १९२४ पासूनचं हॉटेल, रवा इडली खाऊनच जा, फक्त रविवारी रांगेत थोडं उभं राहावं लागेल. 'उभं' हे ऐकल्यावर माझी भूक मेली.

शेवटी ग्रुप फोटो. "उंच लोक मागे, बाकीचे प्लीज पुढे खाली बसा." माझ्या उंचीचा मला जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला. मी हिरवळीवर अशी बैठक मारली की मास्तरही चकित झाले. फोटो काढणाऱ्याचा फोन दोनदा अडकला. त्याला मी सावकाश काढ म्हणून सांगितलं.

बायकोने तो फोटो तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत पुण्याहून ताईचा फोन.

"अगं, याची तब्येत बरी आहे ना? डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर ही कसली शांती?"

"काही नाही हो ताई," बायको म्हणाली, "बसायला मिळालंय."